बर्नडाउन बघून काहीच कळत नाही. स्प्रिंट अडकतोय हे आधी कुठल्या रिपोर्टात दिसेल?

कोलशेतकरीण · सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. महापेला एका सर्व्हिस कंपनीत मॉड्यूल लीड आहे. नऊ जणांची टीम, क्लायंट यूकेतला, विम्याचं सॉफ्टवेअर, दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे ठरवलेलं काम तेवढ्या मुदतीत संपवायचं. बोर्ड जिरावर आहे (कामाची तिकिटं सांभाळायचं सॉफ्टवेअर) आणि रकाने नेहमीचेच: टू डू, इन प्रोग्रेस, कोड रिव्ह्यू, क्यूए (आमच्या टेस्टरची तपासणी), यूएटी (क्लायंटची तपासणी), डन.

दुखणं असं आहे. आमचा स्प्रिंट गुरुवारी संपतो. मंगळवारच्या स्टँडअपपर्यंत (रोजची छोटी मीटिंग) प्रत्येक जण "ऑन ट्रॅक" म्हणतो, आणि कोणी खोटं बोलत नसतं. ज्याच्या त्याच्या हातातलं काम खरंच होत आलेलं असतं. बुधवारी दुपारी कळतं की चार स्टोऱ्या (म्हणजे कामाची तिकिटं) क्यूएत पडून आहेत, दोन यूएटीत, आणि एकीवर नुसतीच "पीआर टाकलाय" अशी कॉमेंट आहे, म्हणजे कोड नुसता तपासायला दिलाय. मग रात्री उशिरापर्यंत कॉल, गुरुवारी अर्धं काम पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलायचं आणि शुक्रवारी क्लायंटला तोच तो दिलगिरीचा ईमेल.

बर्नडाउन, म्हणजे स्प्रिंटमधलं किती काम उरलंय त्याचा आलेख, मी रोज बघते. चांगल्या स्प्रिंटमध्ये ती रेघ आठ-नऊ दिवस आडवी असते आणि शेवटी धपकन खाली येते. वाईट स्प्रिंटमध्येही आठ-नऊ दिवस आडवीच असते. मग तिच्याकडे बघून मी ओळखायचं काय?

त्यात नवे डिलिव्हरी मॅनेजर आलेत. त्यांना दर शुक्रवारी "डिले रिपोर्ट" हवाय. एक्सेलचं टेम्प्लेट त्यांनीच पाठवलंय. पहिला रकाना रिसोर्सचं नाव, दुसरा तिकीट, तिसरा किती दिवस लागले, चौथा कारण. हे टीमला कळल्यापासून दोघांनी आपल्या तिकिटांचे तुकडे पाडायला सुरुवात केली आहे. एक जण तर काम चालू असूनही कार्ड टू डूमध्येच ठेवतो, घड्याळ सुरू होऊ नये म्हणून. मला त्याचा राग येत नाही. त्या पत्रकात माझं नाव असतं तर मीही तेच केलं असतं.

तर प्रश्न दोन. जिरात रिपोर्ट ढीगभर आहेत. त्यातला कुठला बघितला तर काम कुठे अडणार हे शेवटच्या बुधवारऐवजी पहिल्याच आठवड्यात कळेल? आणि मॅनेजरना असं काय देऊ की त्यांचंही समाधान होईल आणि माझ्या पोरापोरींच्या नावापुढे दिवसही मोजले जाणार नाहीत?

"वेलोसिटी बघा", "स्क्रम नीट पाळा" असले प्रतिसाद कृपया नकोत. ते रेट्रोमध्ये (स्प्रिंटनंतरच्या आढाव्याच्या मीटिंगमध्ये) ऐकतेच.

गवळीदेव · सोमवार, रात्री ११:१५

बर्नडाउन सोडा. क्युम्युलेटिव्ह फ्लो डायग्राम उघडा, गेल्या तीन महिन्यांचा. ज्या रंगाचा पट्टा जाड होत चाललाय तिथे काम तुंबलंय. संपलं.

अवांतर: टेम्प्लेट वाचून जुन्या ऑफिसची आठवण झाली. त्या रकान्यांना आमच्याकडून कोपरापासून दंडवत.

वागळे_रोड_सोळा · मंगळवार, सकाळी ७:५०

गवळीदेव, रिपोर्ट बरोबर सांगितलात, पण "संपलं" कसलं, तिथून तर सुरू होतं. सविस्तर लिहितो, गाडीत बसायला जागा मिळाली आहे.

ताई, आधी बर्नडाउनची बाजू घेतो, बिचाऱ्याला फुकट शिव्या पडतात. तो फक्त "डन" मोजतो. तुमची स्टोरी रिव्ह्यूतून क्यूएत गेली, क्यूएतून यूएटीत गेली, तरी त्याच्या लेखी काहीच घडलेलं नाही. तुमच्या बोर्डावर मधले चार रकाने आहेत आणि त्या चारांत काय चाललंय हे त्याने कधी बघितलेलंच नाही. मी त्याचा उपयोग एवढाच करतो की रेघ मध्येच वर चढली का ते बघायचं. चढली म्हणजे स्प्रिंट सुरू झाल्यावर कोणीतरी काम आत सारलंय, नाहीतर जुन्या कामाचे पॉइंट (आकाराचा अंदाज) वाढवलेत. स्प्रिंट रिपोर्टात असं मागाहून आलेल्या तिकिटांपुढे चांदणी असते. आधी त्या चांदण्या मोजा. मॅनेजर "उशीर का झाला" विचारत येतात तेव्हा पुष्कळदा त्यांनीच सारलेली दोन तिकिटं तिथे चमकत असतात.

आता फ्लो डायग्राम. आडव्या अक्षावर तारखा, उभ्यावर तिकिटांची संख्या, प्रत्येक रकान्याचा एक रंगीत पट्टा. कुठल्याही तारखेवर उभी रेघ धरा: पट्ट्याची जाडी म्हणजे त्या दिवशी त्या रकान्यात किती तिकिटं होती. आडवी धरा: पट्टा ओलांडायला साधारण किती दिवस लागतात ते दिसेल. सगळे पट्टे कमीजास्त समांतर चढत असतील तर काळजी नको. पण डनचा पट्टा सपाट झालाय आणि त्याच्या शेजारचा फुगतोय असं दिसलं, तर आत येणारं काम बाहेर पडत नाहीये. हे तुम्हाला पहिल्या सोमवारी किंवा मंगळवारीच दिसेल, तुमच्या त्या शेवटच्या बुधवारची वाट बघावी लागणार नाही.

पण इथेच लोक घसरतात. घोडबंदर रोडवर गायमुखला रस्ता अरुंद झाला की रांग कासारवडवलीपर्यंत येते, म्हणून कोणी कासारवडवलीचा रस्ता खोदायला घेत नाही. तसा क्यूएचा पट्टा फुगला की टेस्टर हळू, हा निष्कर्ष काढू नका. तुमच्या बोर्डावर "क्यूए" या एकाच रकान्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात: टेस्टरची वाट बघत पडलेलं तिकीट आणि टेस्टर प्रत्यक्ष तपासत असलेलं तिकीट. कोड रिव्ह्यूचंही तेच. अॅडमिनला सांगून दोन नवी स्टेटस मागून घ्या, "रिव्ह्यूच्या प्रतीक्षेत" आणि "क्यूएच्या प्रतीक्षेत", आणि त्यांना बोर्डावर स्वतंत्र रकाने द्या. जुना इतिहास मात्र यामुळे फुटून येत नाही, विभागणी आजपासून पुढेच दिसेल. म्हणून हे उद्याच करा.

दुसरा रिपोर्ट कंट्रोल चार्ट. त्यात प्रत्येक ठिपका म्हणजे एक तिकीट (जवळजवळची तिकिटं असली की एकत्र मोठा ठिपका येतो), जितका वर तितका जास्त वेळ. खाली रिपोर्ट रिफाइन करायची सोय असते, तिथे कुठले रकाने मोजायचे ते निवडता येतं. सगळे रकाने एकत्र बघाल तर एक सरासरी मिळेल, तिचं लोणचं घाला. एकेक रकाना निवडून बघा: फक्त कोड रिव्ह्यू, मग फक्त क्यूए, मग फक्त यूएटी. पाच मिनिटांचं काम आहे आणि वेळ कुठे जातोय ते उघडं पडतं.

पण ह्या चार्टातली मेख ऐका. निवडलेल्या रकान्यातून जे तिकीट बाहेर पडलं तेच त्यात दिसतं. जे आज तिथेच अडकून बसलंय ते दिसतच नाही. म्हणजे सगळ्यात वाईट तिकीट नेमकं गायब! म्हणून चालू कामाचं वय वेगळं बघावं लागतं. बोर्डाच्या सेटिंगमध्ये कार्ड लेआउट आहे, तिथे रकान्यात किती दिवस झाले हे दाखवायची सोय चालू करा. कार्डाच्या तळाशी ठिपके येतात. स्टँडअपला मी कोणालाही "काल काय केलं" विचारत नाही. उजवीकडच्या रकान्यापासून सुरुवात करून जास्त ठिपक्यांच्या कार्डावर बोट ठेवतो आणि विचारतो, हे कशासाठी थांबलंय?

याच कामासाठी फिल्टरही करता येतो: ज्यांचं स्टेटस गेल्या तीन दिवसांत बदललेलं नाही अशी चालू तिकिटं. फक्त जेक्यूएलमध्ये (जिराच्या शोधभाषेत) स्टेटस कॅटेगरी बदलल्याची तारीख वापरू नका. इन प्रोग्रेस, रिव्ह्यू, क्यूए ही सगळी बहुतेक एकाच निळ्या कॅटेगरीत असतात, त्यामुळे तिकीट एकातून दुसऱ्यात गेलं तरी ती तारीख हलत नाही. थेट "स्टेटस चेंज्ड" वापरा.

आणि शेवटचा मुद्दा, हा कुठल्याच रिपोर्टात नाही, वहीत करायचा आहे. तुमच्या मते सगळ्यात जास्त रखडलेलं पण कामाने लहान असलेलं एक तिकीट निवडा. त्याचा हिस्ट्री टॅब उघडा आणि प्रत्येक हालचाल वेळेसकट कागदावर उतरवा. दोन नोंदींच्या मधल्या जागेत "काम" किंवा "वाट" यापैकी एक लिहा. इथे येऊन सांगा काय निघालं ते. आलं घणसोली, उतरतो.

क्यूए_ऐरोली · मंगळवार, दुपारी १:२०

वागळे यांना क्यूएच्या पट्ट्याबद्दल साष्टांग. टेस्टरच्या बाजूने दोन शब्द.

बुधवारी संध्याकाळी सहाला माझ्या नावावर पाच तिकिटं येतात आणि साडेसहाला पहिली विचारणा येते, "झालं का?" काय झालं का? बिल्ड, म्हणजे तपासायची तयार आवृत्ती, अजून माझ्या सर्व्हरवर आलेला नसतो. आला तर डेटा नसतो. विम्याचंच उदाहरण घ्या. नूतनीकरणाची स्टोरी तपासायला महिनाभरात संपणारी पॉलिसी लागते. ती टेस्टच्या डेटाबेसमध्ये आपणहून तयार होत नाही. कोणीतरी प्रस्ताव भरायचा, हप्ता भरल्याचं दाखवायचं, तारीख मागे न्यायची. हे तासभर खातं आणि प्रत्यक्ष तपासणी दहा मिनिटांची. ताई, तुमच्या बोर्डावर हा तासभर कुठल्या रकान्यात धरणार? "क्यूए चालू" मध्ये धरलात तर परत मीच हळू.

आमच्याकडे शेवटी स्टोरी डेव्हलपमेंटला घेतानाच टेस्ट डेटाचं उपतिकीट काढायला लागले. डेव्हलपर कोड लिहितो तेव्हा मी डेटा बनवते. बाकी काही बदललं नाही, पण गुरुवारची रडारड कमी झाली.

आणखी एक. बग सापडून कार्ड मागे जातं तेव्हा ते इन प्रोग्रेसमध्येच जाऊ द्या. काही टीममध्ये कार्ड क्यूएतच ठेवून कॉमेंटमध्ये डेव्हलपरला टॅग करतात. मग तो दुरुस्त करेपर्यंतचे सगळे दिवस क्यूएच्या खात्यावर. ह्यावरून आमची भांडणं झाली आहेत, खरीखुरी.

कोलशेतकरीण · बुधवार, रात्री ११:०५

वागळेसाहेब, कागदावर उतरवलं. नवऱ्याला वाटलं मी घराचा हिशोब करतेय.

तिकीट असं: पॉलिसी नूतनीकरणाच्या पत्रात तारीख अमेरिकन पद्धतीने छापली जात होती, महिना आधी. यूकेत ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल. आमच्या पत्राने ग्राहकाला ४ मार्च सांगितला असता. गंभीर, पण दुरुस्ती एका ओळीची. आमच्या सगळ्यात ज्युनियर मुलीने घेतलं होतं.

सोमवारी सकाळी अकराला तिने उचललं. त्याच दिवशी साडेचारला पीआर टाकला. इथपर्यंत "काम". नंतर गुरुवारी दुपारपर्यंत काहीच नाही. कारण आमच्याकडे सगळे पीआर एकाच सीनियरकडे जातात आणि तो त्या आठवड्यात दुसऱ्या अकाउंटच्या (दुसऱ्या क्लायंटच्या) प्रॉडक्शनच्या भानगडीत बसवला होता. गुरुवारी त्याने कॉमेंट टाकली, युनिट टेस्ट जोड. तिने तासाभरात जोडली. शुक्रवारी साडेबाराला मर्ज, म्हणजे कोड मुख्य कोडमध्ये गेला.

आता गंमत बघा. आमचा क्यूएचा बिल्ड मंगळवारी आणि शुक्रवारी जातो, आणि दुपारी बारापर्यंत जे मर्ज झालं तेच त्यात असतं. अर्ध्या तासाने चुकलं आणि थेट मंगळवारवर गेलं. बुधवारी सकाळी टेस्टरने घेतलं आणि चहाच्या आत पास केलं. त्याच दुपारी यूएटीत. स्प्रिंट दुसऱ्या दिवशी संपला, तिकीट पुढे ढकललं गेलं. क्लायंटकडच्या ज्या बाई यूएटीची सही देतात त्यांनी पुढच्या सोमवारी बघून "थँक्स, लुक्स गुड" लिहिलं.

सगळे हात लागलेले तास मिळून एक दिवसही भरत नाही. बोर्डावर दोन आठवडे. आणि मॅनेजरांच्या एक्सेलमध्ये ही ओळ कशी दिसली असती? त्या मुलीचं नाव, १४ दिवस, कारण रिकामं. सगळ्यात वेगाने काम केलेलं माणूस यादीत सगळ्यात वर!

मग कंट्रोल चार्टमध्ये एकेक रकाना निवडून बघितला, सांगितलंत तसा. माझी खात्री होती की इन प्रोग्रेसचे ठिपके सगळ्यात उंच असतील, कारण रेट्रोमध्ये आम्ही कायम एस्टिमेट चुकलं यावरच बोलतो. ते ठिपके बऱ्यापैकी खाली, एका पट्टीत आहेत. उंच आहेत ते क्यूए आणि यूएटीचे. क्यूएच्या ठिपक्यांवर कर्सर नेऊन तिकिटांच्या तारखा बघितल्या, तर बुधवार आणि शनिवार-सोमवारच्या आसपास गुच्छ. म्हणजे बिल्डचे वार. आम्ही एस्टिमेटवरून भांडत होतो आणि अडलं होतं बिल्डच्या वेळापत्रकावर.

बिल्ड लावणाऱ्या डेव्हऑप्सच्या मुलाला आज विचारलं की बिल्ड आठवड्यातून दोनदाच का. म्हणाला, पूर्वी क्यूए सर्व्हर दोन प्रोजेक्टमध्ये मिळून होता म्हणून वार वाटून दिले होते. दुसरा प्रोजेक्ट कधीच बंद झाला. "रोज रात्री लावू का? कोणी सांगितलंच नाही कधी." मी दोन मिनिटं काही बोलले नाही.

क्यूए_ऐरोली, टेस्ट डेटाचं उपतिकीट लगेच उचललं. आमच्या दोन्ही टेस्टरना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तुम्हाला पार्टी देणार म्हणाल्या.

निव्वळ_वाचक · गुरुवार, सकाळी ९:३०

सगळं छान आहे, पण मी एवढ्या कंपन्यांत हे नाटक बघितलंय की सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही वर चार्ट द्याल. वरचे म्हणतील, उत्तम, आता पुढच्या तिमाहीत सायकल टाइम (एका तिकिटाला लागणारा वेळ) इतके टक्के खाली आणा. त्या दिवसापासून लोक चार्ट सांभाळतील, काम नाही. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली पतधोरणाबद्दल नेमकं हेच लिहिलं होतं: ज्या आकड्याला धरून नियंत्रण करायला जाल तो आकडा विश्वासाचा राहत नाही. तुमचा तो कार्ड टू डूमध्ये ठेवणारा मुलगा गुडहार्ट न वाचताच तिथे पोचलाय.

शिवाय रकाने वाढवले की कार्ड हलवण्याचा कंटाळा वाढतो. लोक सोमवारी सकाळी स्टँडअपच्या पाच मिनिटं आधी सगळी कार्डं एकदम सरकवतात. मग तुमच्या रिपोर्टात काम कधी झालं ते दिसत नाही, कार्ड कधी ओढलं एवढंच दिसतं.

वागळे_रोड_सोळा · गुरुवार, रात्री ९:१०

वाचकसाहेब, दोन्ही मुद्दे मान्य. दुसऱ्यावर उपाय सोपा आहे, तो आधी सांगतो.

कार्ड माणसाने हलवायचंच नाही. गिटहब किंवा बिटबकेट जिराला जोडलेलं असेल तर ऑटोमेशनमध्ये नियम लावता येतो: पीआर तयार झाला की तिकीट "रिव्ह्यूच्या प्रतीक्षेत", मर्ज झाला की "क्यूएच्या प्रतीक्षेत". त्यासाठी ब्रँचच्या नावात तिकिटाचा क्रमांक हवा, एवढी एक शिस्त. मग वेळेच्या नोंदी खऱ्या येतात आणि कोणाला ढोंग करायला वावही राहत नाही. टेस्टरकडचे रकाने हातानेच हलतील, चालतं.

पहिला मुद्दा अवघड आहे. माझा अनुभव असा की मॅनेजर माणसांची नावं मागतात कारण त्यांना दुसरं काही धरायला दिलेलं नसतं. वरून त्यांनाही कोणीतरी "कोणामुळे?" विचारत असतं. तेव्हा ताई, त्यांना नुसतं "नावं नकोत" म्हणू नका, त्याच जागी दुसरं काहीतरी द्या. तेच पत्रक ठेवा, पहिला रकाना बदला: नावाऐवजी "कशाची वाट". बिल्ड, रिव्ह्यू, क्लायंटची सही, टेस्ट डेटा, दुसऱ्या टीमचं एपीआय. दिवस त्यापुढे लिहा. चार शुक्रवार गेले की त्यांच्याकडे असं पत्रक असेल जे घेऊन ते वर भांडू शकतात. नावांची यादी घेऊन ते फक्त खाली भांडू शकत होते.

क्लायंटला तारीख द्यायची वेळ येते तेव्हा सरासरी देऊ नका. गेल्या तीन महिन्यांतली पूर्ण झालेली तिकिटं लागलेल्या दिवसांप्रमाणे लहान ते मोठी लावा आणि शंभरात पंच्याऐंशी जिथे येतात तो आकडा सांगा. "अशी कामं बहुतेक वेळा इतक्या दिवसांत होतात." सरासरीच्या वर बरीच तिकिटं जातात, आणि ज्याचं तिकीट वर जातं त्याला तुमची सरासरी ऐकायची नसते.

मॅनेजर आकडेमोडीचे शौकीन असतील तर लिटलचा नियमही सांगा. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता दिली, रांगांच्या गणितातली. रांगेत सरासरी किती आहेत भागिले दर आठवड्याला किती बाहेर पडतात, बरोबर एकाला लागणारा सरासरी वेळ. समजा बोर्डावर अर्धवट ३० तिकिटं आहेत आणि आठवड्याला ६ बाहेर पडतात. तर आज आत शिरलेल्याला साधारण ५ आठवडे लागणार. रात्री जागून थोडा फरक पडेल, पण ३० चे १५ केलेत तर वेळ निम्मा. म्हणूनच रकान्याला कमाल मर्यादा घालायची. जिरात ती बोर्डाच्या सेटिंगमध्ये घालता येते, ओलांडली की रकाना लाल होतो. लाल झाला की नवीन काम उचलायचं नाही, पुढचं अडलेलं मोकळं करायचं. डेव्हलपरने बसून दुसऱ्याचा पीआर बघायचा. तुमचा तो एकटा रिव्ह्यूअर ह्यामुळे सुटेल, आणि दुसऱ्या अकाउंटवाल्यांनी पळवला तरी तुमचं अडणार नाही.

आणि एस्टिमेटवरून भांडण्याबद्दल एक किस्सा, हा छापील आहे, माझा नाही. २००४ साली डेव्हिड अँडरसन यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या एका देखभाल टीमला मदत केली. टीम आपल्या हैदराबादला बसायची. मागणी आल्यापासून काम हातात पडायला पाचेक महिने लागायचे. कामाचा प्रवास मांडून बघितला तर निघालं की नवीन मागण्यांची एस्टिमेटं देण्यातच टीमचा बराच वेळ जातोय, आणि त्यातली कितीतरी कामं पुढे कधी होतच नाहीत. त्यांनी एस्टिमेट देणंच बंद केलं, हातातल्या कामांना मर्यादा घातली, आणि महिन्यांचे आठवडे झाले. सॉफ्टवेअरमधल्या कानबानची, म्हणजे हातातल्या कामाला मर्यादा घालून चालायच्या पद्धतीची, सुरुवात तिथूनच मानतात.

कोलशेतकरीण · पुढचा मंगळवार, रात्री १०:३०

अपडेट देते. बिल्ड आता रोज रात्री जातो. नवे दोन रकाने आले, रिव्ह्यू तिघांत वाटला. ज्युनियर मुलगीही आता रिव्ह्यू करते. सीनियर नाराज होईल वाटलं होतं, तो म्हणाला सुटलो.

मॅनेजरांशी बोलले. त्यांच्यासमोर तो हाताने लिहिलेला कागदच ठेवला, चार्ट नंतर. साडेबाराला मर्ज, बाराला बिल्ड ह्या ओळीवर ते थांबले. नावाचा रकाना गेला, "कशाची वाट" आला. महिनाभरासाठी, असं म्हणालेत, मग बघू. तेवढं पुरे.

आता राहिली यूएटी. ह्या पत्रकात तीच सगळ्यात लांब निघणार हे आत्ताच दिसतंय. त्या बाई चांगल्या आहेत, पण त्यांचं मूळ काम वेगळं, आमची यूएटी त्यांच्या फावल्या वेळातली. आणि उन्हाळ्यात यूके आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे सकाळी अकराला पाठवलेलं त्या आपल्या दीड-दोनला बघणार, प्रश्न असेल तर उत्तर आमच्याकडे संध्याकाळी. त्यात पुढे गणपती. माझ्या नऊतले चार कोकणात जाणार, रजा आधीच टाकल्यात. त्या आठवड्यात सगळे चार्ट भयंकर दिसतील आणि मॅनेजर परत नावांवर येतील, ही भीती आहे. काय करू?

वागळे_रोड_सोळा · बुधवार, सकाळी ७:५५

गणपतीचं सोपं आहे. बोर्डाच्या सेटिंगमध्ये वर्किंग डेज असतात. कामाचे वार आणि सुट्टीच्या तारखा तिथे भरा. कंट्रोल चार्ट ते दिवस मोजत नाही. पण वैयक्तिक रजा तिथे येत नाहीत, फक्त ऑफिसच्या सुट्ट्या. फ्लो डायग्राममध्ये पट्टे त्या आठवड्यात सपाट दिसणारच, ते आधीच मॅनेजरांच्या कानावर घाला. त्या स्प्रिंटमध्ये काम पाच जणांच्या मापाने घ्या, नऊच्या नाही.

यूएटीसाठी त्या बाईंना रोज रोज आठवण करू नका. आठवड्यातले दोन दिवस ठरवून अर्ध्या तासाचा कॉल लावा, त्यांच्या सकाळच्या वेळेला, आणि तयार तिकिटं त्याच कॉलमध्ये दाखवून तिथेच सही घ्या. तो कॉल मंगळवारी असला तर तुमचा गुरुवार वाचतो. आणि त्यांचं कॅलेंडरही बघून ठेवा: इंग्लंडमध्ये ऑगस्टचा शेवटचा सोमवार बँक हॉलिडे असतो, तो आणि गणपती जवळजवळ आले तर सलग कितीतरी दिवस दोन्हीकडे कोणीच नाही.

क्यूए_ऐरोली · बुधवार, दुपारी १:४०

कोकणात जाणाऱ्यांना एक सांगून ठेवा. निघायच्या दिवशी काम अर्धवट असेल तर कार्ड टू डूत परत टाकू नका, उगाच इतिहास बिघडतो. कार्डाला फ्लॅग लावा आणि कॉमेंटमध्ये ब्रँच कुठली, काय झालंय, काय राहिलंय ते लिहा. मागच्या वर्षी आमचा एक जण नुसतं "जवळपास झालंय" लिहून राजापूरला गेला आणि गावात रेंज नव्हती.